सरपण फोडण्याचे यंत्र : घ्यावे की न घ्यावे?



या पानावर आम्ही एरवी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहितो. या वेळचा विषय जरा वेगळा आहे, पण आपल्याच अंगणातला आहे.

जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, आम्ही चार-पाच सभासदांसह कामानिमित्त सोलापूरला गेलो होतो. काम उरकून सात रस्त्यावर चहाला थांबलो. तेथे एका सभासदाने खिशातून घडी घातलेले पत्रक काढले. कुठल्याशा शेती-अवजारांच्या प्रदर्शनात मिळालेले. वर लाकूड फोडण्याच्या यंत्राचे चित्र आणि खाली ठळक अक्षरे : तीन हॉर्सपॉवरची मोटर, दहा टन ताकद, दहा सेकंदांत ओंडका दुभंग!

ते म्हणाले, "साहेब, घेऊ का हे? घरात गॅस आहे, पण आंघोळीचा बंब अन् भाकरीची चूल लाकडावरच. आई सत्तरीच्या पुढं गेली, तरी पहाटे उठून कुऱ्हाड मारत बसते. बघवत नाही." दुसरे लगेच म्हणाले, "अण्णा, एवढ्या पैशात एक एकर ठिबक होईल." तिसरे म्हणाले, "आमच्या मेव्हण्यानं घेतलंय. गोठ्यात पडून आहे, त्यावर कोंबड्या बसतात." त्या चौकातून सात वाटा फुटतात, आणि आमच्या बाकावरच पाच मते झाली.

त्या दिवशी आम्ही दिलेले उत्तर घाईचे होते. ते नीट विचार करून येथे देत आहोत, कारण हा प्रश्न एकट्या अण्णांचा नाही. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, गॅस पुष्कळ घरांत पोहोचला. तरी वस्तीवरची चूल आणि बंब विझलेले नाहीत, हे आम्ही शेतावर फिरताना रोज पाहतो.

आधी लाकूड पाहा, मग यंत्र

पहिली गोष्ट अशी की, यंत्राची निवड दुकानात होत नाही, ती बांधावर होते. आपल्याकडे जळते कोणते लाकूड, ते पाहा.

बाभूळ : जळणात राणी. निखारा चांगला पडतो. पण वाळली की लोखंड होते. ओली असताना पाचरीने सरळ उकलते. तीच बाभूळ वर्षभर पडून राहिली, तर कुऱ्हाड उडवून लावते.

वेडी बाभूळ : ओढ्याकाठी आणि पडीक रानात हवी तितकी. फांद्या वाकड्या आणि बहुधा बारीक. मनगटाएवढ्या जाडीची फांदी फोडावी लागतच नाही, तोडली की झाले. हिच्यासाठी यंत्र नको, चांगला कोयता आणि जाड तळाचे बूट हवेत. हिचा काटा चपलेतून आरपार जातो.

सुबाभूळ : सरळ वाढते आणि सहज फुटते. पोरगाही फोडील.

निलगिरी : ताजी असताना फोडावी. वाळली की पीळ धरते.

चिंच : हिचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. खाटकाचा ठोकळा चिंचेचा असतो तो उगीच नाही. चिंचेचा ओंडका फोडत बसू नये. त्याच्यावर ठेवून दुसरे लाकूड फोडावे. पायाखालचा ठोकळा म्हणून त्याच्यासारखा दुसरा नाही.

कण्हेर मात्र चुलीत घालूच नका. तिचे सर्व अंग विषारी असते आणि धूरही घातक असतो.

आणखी एक. चिंच, आंबा, जांभूळ ही झाडे १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत. झाड आपल्या बांधावरचे असले तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. वाऱ्याने मोडलेली फांदी वेगळी आणि उभे झाड वेगळे.

ओले फोडा, वाळवून जाळा

आमच्या पुष्कळ सभासदांची रीत याच्या उलट आहे. बुंधा तोडायचा, अंगणात लोटायचा आणि लागेल तसा रोज थोडा फोडायचा. यात दुहेरी तोटा आहे. लाकूड दिवसेंदिवस कठीण होते, आणि सालीच्या आत अडकलेले पाणी लवकर बाहेर पडत नाही. लाकूड वाळते ते कापलेल्या तोंडातून आणि फोडलेल्या अंगातून. न फोडलेला जाड बुंधा दोन उन्हाळे खाऊनही आतून ओला निघतो, आणि तोवर सालीखाली भुंग्याने पीठ पाडलेले असते.

ओल्या लाकडाचा तोटा आकड्यांत पाहू. नुकत्याच तोडलेल्या १० किलो लाकडात निम्मे पाणी धरले, तर चुलीला आधी ते ५ किलो पाणी तापवून त्याची वाफ करावी लागते. किलोमागे सुमारे ६१० किलोकॅलरी, म्हणजे ३,०५० किलोकॅलरी उष्णता नुसती वाफेवर गेली. उरलेल्या ५ किलो कोरड्या लाकडात सुमारे २२,५०० किलोकॅलरी असतात. म्हणजे सातवा हिस्सा भांड्याखाली पोहोचण्याआधीच संपला. शिवाय ओल्याची आग थंड, म्हणून धूर जास्त. आणि तो धूर जातो चुलीपुढे बसलेल्या बाईच्या डोळ्यांत आणि छातीत. कारखान्याच्या बॉयलरला भुसा ओला आला की वाफ पडते, हे आपण ऐकता. घरची चूल हा लहान बॉयलरच आहे.

म्हणून झाड तोडायचे ते थंडीत, फोडायचे त्याच आठवड्यात, आणि रचायचे उन्हाळ्याच्या तोंडी. आपल्या सोलापूरचा उन्हाळा पिकाला जड, पण लाकडाला फुकटची भट्टी आहे. मार्च ते मे ऊन खाल्लेली ढलपी मृगापर्यंत तयार होते. खाली दगड किंवा विटा घालून रास जमिनीपासून वीतभर उचला, भिंतीपासून हातभर दूर ठेवा, वरून पत्रा टाका आणि बाजू मोकळ्या सोडा. चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळली तर लाकूड वाळत नाही, कुजते. रास कडब्याच्या गंजीजवळ नको. उन्हाळ्यात त्या सावलीला विंचू येतात, म्हणून हात घालण्याआधी काठीने हलवा.

वाळले की नाही हे कसे ओळखावे? एका ढलपीवर खूण करून ती दर पंधरा दिवसांनी वजन करा. वजन घटायचे थांबले की समजा, झाले. दोन वाळलेल्या ढलप्या एकमेकींवर आपटल्या की टणटण वाजतात. ओल्या वाजतात ठप्प.

साधने कोणती आणि कोणाला?

कुऱ्हाड : झाड तोडण्याची कुऱ्हाड पातळ पात्याची असते. ती लाकडात शिरते आणि अडकते. फोडण्याची कुऱ्हाड वजनदार आणि गालाला जाड हवी, म्हणजे शिरता शिरता लाकूड बाजूला सारते. दांडा नेढ्यात हलत असेल तर त्या दिवशी काम बंद. पाण्यात भिजवून घट्ट केलेला दांडा वाळला की पुन्हा सैल होतो. नवी पाचर ठोकणे हाच उपाय.

पाचर आणि घण : आमच्या मते दहांतल्या आठ घरांना एवढेच पुरे. दोन लोखंडी पाचरी, एक घण आणि चिंचेचा ठोकळा. एक पाचर अडकली तर तिच्याच फटीत दुसरी मारून पहिली सोडवता येते, म्हणून दोन. गाठीवर मारू नका; ओंडक्याच्या तोंडावर उन्हाने पडलेली चीर असते, ती धरून मारा. पाचर लोहाराकडून करून घेताना धार पाणी देऊन कडक करा, पण डोके मऊच ठेवायला सांगा. डोके कडक असले तर घणाच्या घावाने त्याचे कपचे बंदुकीच्या छऱ्यासारखे उडतात. डोके ठोकून ठोकून छत्रीसारखे पसरले, की कडा घासून काढा. आणि चष्मा लावा. साधा शंभर-दीडशे रुपयांचा चष्मा डोळ्यापेक्षा महाग नाही.

उभ्या पात्याची घोडी : ही फारशी कोणी वापरत नाही, पण बंबाच्या बारीक ढलप्यांसाठी फार सोयीची आहे. जाड पाते धार वर करून लोखंडी कड्याच्या मधोमध पक्के बसवायचे. लाकूड त्या धारेवर उभे ठेवायचे आणि वरून हातोडीने ठोकायचे. पाते हलत नाही, हवेत फिरत नाही, चुकून पायावर येत नाही. वयस्क माणसालाही बसून काम करता येते. गावातला वेल्डिंगवाला दुपारभरात करून देईल.

हाताने दाबायचा जॅक : दोन दांड्यांनी तेल दाबून पाचर पुढे सरकते. सावकाश चालतो, पण घाव नाही, आवाज नाही, वीज नाही. थोडे आणि गाठाळ लाकूड असेल त्याने पाहावा.

मोटरचे किंवा ट्रॅक्टरच्या तेलावर चालणारे हायड्रॉलिक यंत्र : याबद्दल खाली सविस्तर.

ट्रॅक्टरच्या पीटीओवर फिरणारा शंकूसारखा स्क्रू : हा घेऊ नका. कारणही खाली दिले आहे.

पत्रकावरची टने कशी वाचावीत

हायड्रॉलिक म्हणजे काही जादू नव्हे. आपली डंपिंग ट्रॉली ज्या दट्ट्याने उचलते, तोच येथे आडवा ठेवलेला असतो. कारखान्यात मिलच्या वरच्या रोलरला उसावर दाबून धरतो तोही तेलाचाच दाब.

ताकद काढण्याची रीत सोपी आहे : तेलाचा दाब गुणिले दट्ट्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ. दट्ट्या १० सेंटिमीटर व्यासाचा असेल तर क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर. दाब चौरस सेंटिमीटरला १५० किलो असेल तर ताकद ११,७७५ किलो, म्हणजे पावणेबारा टन. विक्रेत्याला दोनच आकडे विचारा : दट्ट्याचा व्यास किती आणि चालू दाब किती? गुणाकार आपण करा.

आता वेग. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्याची शक्ती. दहा टन जोराने पाचर ६० सेंटिमीटर ढकलायची तर काम झाले १०,००० गुणिले ०.६, म्हणजे ६,००० किलो-मीटर. त्याला ७५ ने भागले की ८० आले. एक हॉर्सपॉवरला ८० सेकंद. तीन हॉर्सपॉवरला २७ सेकंद. पंपातली आणि तेलातली घट पाचवा हिस्सा धरली तर ३३ सेकंद. मग पत्रकातले दहा सेकंद कुठले? दहा टन खरे असतील किंवा दहा सेकंद खरे असतील. तीन हॉर्सपॉवरवर दोन्ही एकाच वेळी खरे नाहीत. काही यंत्रांत दोन टप्प्यांचा पंप असतो. तो मोकळा असताना भरभर जातो आणि लाकूड अडले की हळू पण जोरात दाबतो. हा प्रकार चांगला. पण गाठ आली की वेळ लागणारच. आणि सरळ लाकूड पाचर निम्मी जाण्याआधीच फुटते, त्याला दहा टन लागतही नाहीत.

ट्रॅक्टरच्या तेलावर चालवायचे असेल तर ट्रॅक्टरची पुस्तिका उघडा. बाहेरच्या अवजाराला तेल किती दाबाने आणि मिनिटाला किती लिटर मिळते ते त्यात असते. घरच्या सिंगल फेजवर मोठी मोटर जोडण्याआधी वायरमनला विचारा.

हिशेब

समजा घरात रोज ५ किलो लाकूड जळते. वर्षाला सव्वाअठरा क्विंटल झाले. त्यातले निम्मे बारीक, फोडावे न लागणारे. राहिले नऊ क्विंटल. सवयीचा गडी ओली बाभूळ पाचरीने दिवसात तीन क्विंटल फोडतो असे धरले तर काम तीन दिवसांचे. मजुरी ६०० रुपये धरली तर वर्षाचा खर्च १,८०० रुपये.

यंत्र ६० हजारांचे धरा आणि दहा वर्षे चालेल असे माना. व्याज, तेल, दुरुस्ती सोडूनही वर्षाला ६,००० रुपये. एका घराला हे परवडत नाही. आपले आकडे वेगळे असतील तर ते घालून पाहा, रीत हीच.

पण दहा घरांनी मिळून घेतले तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाला ६०० रुपये येतात. वस्तीवर गुऱ्हाळ असेल, लग्नकार्याला जळण पुरवणारा कोणी असेल, बांधावर गाठाळ जुने बुंधे पडले असतील, तर सामाईक यंत्राचा विचार जरूर करावा. एकट्याला न झेपणारा कारखाना आपण मिळून उभा केला. मग यंत्र काय मोठे? मात्र कोणाकडे राहणार, तेल कोण पाहणार आणि चालवणार कोण, हे आधी कागदावर लिहा.

हात सांभाळा

आता स्क्रूच्या शंकूचे. आमच्या गटातील एका सभासदाने काही वर्षांपूर्वी तो ट्रॅक्टरमागे जोडला. काम झपाट्याने व्हायचे, बघायला गर्दी व्हायची. एके दिवशी ओंडका स्क्रूवर धरताना हातमोज्याचे टोक सापडले. पीटीओ थांबवायला ट्रॅक्टरवर चढावे लागते. तेवढा वेळ कोणाजवळ होता? उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटे गेली. पुढच्या हंगामात ऊस नोंदीला ते आमच्यासमोर आले, तेव्हा डावा अंगठा पुढे करून म्हणाले, "साहेब, आता हाच चालवून घ्या." सही करणारा माणूस होता तो. आमच्याने मान वर करवली नाही. कडबाकुट्टीने किती हात घेतले हे आपण जाणताच; त्यात आणखी एका यंत्राची भर नको.

हायड्रॉलिक यंत्र घेतलेच तर एवढे पाळा :

१. दोन्ही हात दोन दांड्यांवर असल्याशिवाय पाचर पुढे जाणार नाही, असेच यंत्र घ्या. एक दांडा दोरीने बांधून ठेवण्याची हुशारी करू नका.

२. लाकूड ठेवणारा आणि दांडा ओढणारा माणूस एकच असावा. एकाने ठेवायचे आणि दुसऱ्याने ओढायचे, यातच बोटे जातात.

३. रबरी नळीतून तेल झिरपते आहे का, हे हाताने चाचपू नका. बारीक छिद्रातून दाबाने निघालेले तेल कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात जाऊ शकतो. पुठ्ठा फिरवून पाहा. लागलेच तर घरी हळद न लावता तडक दवाखाना गाठा आणि तेल आत गेल्याचे डॉक्टरांना सांगा.

४. सैल बाही, उपरणे, पदर आणि लहान मुले यंत्रापासून दूर.

पाचट चुलीसाठी नाही

सरपण कमी पडले म्हणून कोणी पाचट घरी नेते, कोणी फडातच पेटवून देते. दोन्ही नको. पाचट सरीत राहिले तर ओल धरते, तण दाबते आणि कुजून खत होते. आम्ही सभांमधून सांगतो तेच येथे सांगतो : पाचट रानात, भुसा बॉयलरात आणि लाकूड चुलीत. ज्याचे त्याला द्यावे.

अण्णांनी काय केले?

परवा अण्णा गट ऑफिसात भेटले. यंत्र घेतले नाही म्हणाले. थंडी सरायच्या आत बांधावरच्या दोन बाभळी घेतल्या, दोन गडी लावले, दीड दिवसात सगळी पाचरीने ओलीच फोडून घेतली. रास पत्र्याखाली रचली आहे. आई मात्र दोन दिवस बोलत नव्हत्या. "माझं काम काढून घेतलंस," म्हणाल्या. शेवटी अण्णांनी उभ्या पात्याची घोडी करून आणली. आता त्या सकाळी उन्हाला पाटावर बसून बंबाच्या ढलप्या काढतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती घोडी दाखवतात.

उन्हाळा अजून पुढे आहे. आपल्या अंगणात न फोडलेले बुंधे असतील तर हा आठवडा दवडू नका. सामाईक यंत्राचा विचार असेल तर पत्रक घेऊन गट ऑफिसात या. बसून गुणाकार करू.

कळावे, लोभ असावा.

— ऊस विकास अधिकारी